तालमीबाहेरचा पेशंट

संयोगिता थोरात मूळच्या इस्लामपूरकडच्या. उमेदीची वर्षं वॉर्डात काढून त्या मिरजेच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला आल्या. माणसांबद्दल त्यांचं मत सहसा बरं नसे, आणि प्राचार्य धैर्यशील सरांबद्दल तर मुळीच नव्हतं. या गृहस्थानं जन्मात कधी बेडपॅन उचललं नसेल, असं त्या स्टाफरूममध्ये उघड म्हणत.

सर पुण्याहून कार्यशाळा करून आले आणि वर्गातल्या खुर्च्या गोलात मांडल्या गेल्या. व्याख्यानं बंद, मुली गटात बोलून, प्रसंग उभे करून शिकणार. बाईंना हे पटलं होतं; वॉर्डात त्या स्वतः तशाच शिकल्या होत्या. पण तपासणी समिती येणार म्हणताच सरांनी एकाच प्रसंगाची तालीम लावली. मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन द्यायचं. कुणी काय विचारायचं, कुणी कुठं चुकायचं, ती चूक कुणी सुधारायची, सगळं पाठ. गॅदरिंगचं नाटकसुद्धा यापेक्षा खरं असतं, असं बाईंच्या मनात आलं.

समितीच्या दिवशी बाईंनी पेशंट झालेल्या शिवांजलीला बाजूला घेऊन सांगितलं, की सुई टोचल्याचं नाटक झालं की थरथरायला लाग, आणि विचारल्याशिवाय काही बोलू नकोस.

शिवांजली थरथरू लागली तशा मुली गडबडल्या. एक बीपीचं मशीन आणायला धावली, दुसरी डॉक्टरांना बोलवू म्हणाली. त्यांच्यातली प्रियंका घाईत गावाकडचंच बोलून गेली, "आगं, थांबा की. सुई घेतल्यावर ही जेवली का न्हाई, इचारलं का कुणी?"

जेवली नव्हती; म्हणजे इन्सुलिननं साखर उतरली असणार. मग आधी रक्तातली साखर तपासायची की साखरपाणी पाजायचं, यावरून जुंपली. सर डोळे वटारत होते. बाई भिंतीला टेकून बघत राहिल्या. शेवटी एकीनं साखर तपासली आणि दुसरीनं लगेच साखरपाण्याचा ग्लास शिवांजलीच्या तोंडाला लावला.

समितीला हा गोंधळ रुचला नाही. भिंतीवरच्या रंगीत तक्त्यांचं कौतुक करून मंडळी जेवायला गेली. बाईंनी त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षाही ठेवली नव्हती.

"मॅडम, कॉलेजची अब्रू घालवलीत तुम्ही," सर केबिनमध्ये म्हणाले.

"तुमची तालीम वाया गेली, सर. मुली आज पहिल्यांदा शिकल्या."

सरांनी बाईंचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना लायब्ररीत बसवलं. पुढच्याच आठवड्यात नव्या अध्यापनपद्धतीबद्दल सरांचा फोटो पेपरात झळकला. बाई त्या पानावर शेंगा सोलत बसल्या.

तेवढ्यात प्रियंका तिघीचौघींना घेऊन आली. "मॅडम, आज पेशंटला काय झालंय?"

"ते तुम्हीच शोधायचं," बाई म्हणाल्या, आणि टरफलं बाजूला सारून त्यांनी मुलींना बसायला जागा केली.