रोज नव्हे, पगार

"काका फौजी न्हवते वो गुरुजी, काका रोजानं जायचे. आमी सालानं, ते रोजानं!"

हे वाक्य गेल्या सव्वीस जानेवारीला आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात उच्चारले गेले. मुख्याध्यापकांनी फौजी लोकांसाठी पहिल्या रांगेत वेगळ्या खुर्च्या मांडल्या होत्या. मला तिथे बसवावे की नाही, असे त्यांनी गावातल्या निवृत्त हवालदाराला विचारले, आणि माझ्या पुतण्याच्या वयाच्या त्या हवालदाराने वरील निकाल दिला. लोक हसले. गुरुजीही हसले. मी मागे उभा राहून झेंड्याला सलामी दिली आणि जिलबीची पुडी न घेता घरी आलो.

सालगडी पाडव्याला ठरतो आणि वर्षभर त्या घरचा होऊन राहतो. रोजाचा गडी सकाळी बोलावला तर येतो आणि संध्याकाळी पैसे मोजून घेऊन जातो. उद्याचे त्याला कोणी विचारत नाही. माझी उमेदीची वर्षे हवालदाराने या दुसऱ्या खात्यात टाकली. आता गाव तेच म्हणते, आणि पुण्याहून फोन करणारा माझा मुलगाही परवा हसत म्हणाला, "बाबा, तसं बघितलं तर ते बरोबरच बोललेत की."

ते बरोबर बोललेले नाहीत.

देवगाव फाट्यावर माझे विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचे दुकान होते. तो धंदा सांभाळून मी फौजेच्या राखीव पलटणीत शिपाई होतो. वर्षातून एकदा शिबिराचे बोलावणे येई. दुकान बंद करून मी गाडी पकडत असे. शिबिरात शिपायाला शिपायाचाच पगार मिळे, कायम फौजेतल्या शिपायाला मिळणारा तोच, जितके दिवस बोलावणे तितक्या दिवसांचा. उरलेल्या वर्षाचे काही नाही. पेन्शनही नाही. "काकाला काय कमी हाय, पेन्शन येती," असे हॉटेलात बोलणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकून ठेवावे.

मी पैशासाठी जात होतो, ही दुसरी आवई. बोलावणे बहुधा गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत येई, आणि मोटारी जळतात त्याच दिवसांत. गिऱ्हाईक दुकानाला टाळे पाहून घरी येई आणि माझी पत्नी उंबऱ्यात उभी राहून सांगे, "मिस्तरी न्हाईत. देशाचं बोलावणं आलंय. तुमच्या मोटारीला म्हणावं, जरा दम धर." काही जण हसून थांबत. बरेचसे मोटार गाडीत टाकून मानवतला जात, आणि त्यातले कित्येक पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. पैशाचा लोभी माणूस असला व्यवहार करत नसतो. हे तिने चार शब्दांत सांगितले असते आणि तिच्यापुढे कोणी तोंड उघडले नसते. तिला जाऊन आता तिसरे वर्ष चालू आहे. माझ्या बाजूने साक्ष देणारे गावात कोणी उरलेले नाही.

झेंडावंदनाच्या त्या संध्याकाळी मी हवालदाराच्या अंगणात गेलो.

"या काका, बसा की. रागावले व्हय?"

"बसायला आलो नाही. शब्द परत घे."

"कोनता?"

"रोज."

तो हसला नाही, हे त्याच्याबद्दल सांगितले पाहिजे. त्याने खाट झटकली, आत चहा टाकायला सांगितले.

"पगार घ्यायला मी टेबलासमोर टोपी सरळ करून उभा राहत होतो," मी म्हणालो. "सलाम ठोकायचा, हुद्दा सांगायचा, मग पगार. रोजाच्या गड्याला कोणी सलाम ठोकायला लावतं का?"

"सलाम तर आमी बी ठोकला, काका. पर मला एक सांगा. जितके दिस कवायत, तितक्याच दिसाचा पैसा. बराबर?"

"बरोबर."

"कवायत न्हाई, तर पैसा न्हाई?"

"नाही."

"मंग याला रोज न्हाई तर काय म्हनावं? तुमीच नाव सांगा, मी ते घेतो."

आयुष्यभर ज्याने कोणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, तो मी त्याचा चहा पिऊन मुकाट्याने निघालो. निघताना तो म्हणाला, "काका, येत जावा. फौजेचं बोलायला हितं दुसरं हाय कोन?" मी मागे वळून पाहिले नाही. हिशेब चुकता झाल्याशिवाय त्याच्या दारात पाय ठेवणार नाही, असे मी ठरवले होते.

उत्तर सापडले ते कितीतरी दिवसांनी, भाकरी थापता थापता. माझी भाकरी अजूनही गोल होत नाही. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी चपला घातल्या. हवालदाराच्या दाराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "गेले की समदे पुण्याला. हवालदार तितं सोसायटीच्या गेटावर वाचमन लागलेत. तुमाला म्हायती न्हाई व्हय?" मला कोण सांगणार? परत आलो तेव्हा भाकरी करपली होती. उत्तर माझ्याजवळ होते. घरात ते ऐकायला भिंती होत्या आणि बाहेर ज्याला ऐकवायचे तो कुठल्याशा फाटकावर उभा होता. म्हणून हे लिहिले. त्याच्यापर्यंत जावे, एवढीच इच्छा. त्याने मला मोठे म्हणू नये. आपल्यातला म्हणावे.

हवालदारा, तू नाव विचारले होतेस. आपल्या शिवारात रोजाचा गडी तापाने पडला, तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. त्याला कोणी देत नाही आणि तोही मागत नाही. एका शिबिरात मला हिवताप भरला. उरलेले सगळे दिवस मी फौजेच्या दवाखान्यात खाटेवर पडून काढले, एक कवायत केली नाही, आणि त्या दिवसांचा पगार मला पूर्ण मिळाला.