चूल वाळायला लागणारे दिवस

क्लेमेंटी भागात राहणाऱ्या काकूंनी माझी मुलगी वाचवली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे माझ्या चुकीचं पुराण सुरू होईल आणि त्यांचे उपकार मागे पडतील.

आज इथे परदेशात, बेडोक भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, काड्यांवर मांसाचे साते भाजणाऱ्याने निखाऱ्यांवर पंखा मारला आणि कोळशाचा कोरडा, जरासा गोडसर वास नाकात शिरला. समोरचं जेवण तसंच निवत गेलं. या शहरात थंडी नाही. बारा महिने एकच दमट, चिकट दुपार असते, आणि चारपाच वर्षं तीत काढली की अंग थंडी विसरून जातं. माझंही तेच झालं होतं.

आठवीत शाळा सुटली, वेल्डिंग शिकलो, वर्क परमिटवर इथल्या जहाजांच्या यार्डात आलो. पहिल्या सुट्टीत निफाडकडच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा हौसेने गीझर बसवला, विजेची शेगडी आणली, आणि आईच्या खोकल्याला धूर नको म्हणून स्वतःच्या हातांनी चूल फोडली. परदेशी राहणाऱ्याच्या घरात चूल शोभत नाही, असंही मनात होतंच. ते कुणाला बोललो नाही.

पुढे बायकोला दिवस गेले. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होणार होतं. दिवाळीच्या सुमारास आई फोनवर म्हणाली, लाइट बारा-बारा तास जाते, थंडीत आणखी जाईल म्हणतात. माझा जीव घाबरा झाला. चार्जिंगचे तीन दिवे घेतले आणि रविवारी काकूंच्या फ्लॅटवर गेलो. त्यांचे यजमान विद्यापीठात संशोधक. रविवारच्या बुद्धवंदनेला आम्ही पंधरा-वीस मराठी माणसं तिथे जमत असू, आणि डॉर्मिटरीत राहणाऱ्या मला काकू डबा भरून दिल्याशिवाय सोडत नसत.

"हे काय रे, दुकान काढतोस?" दिवे बघून त्या हसल्या.

"घरी पाठवतोय काकू. थंडीची तयारी."

"ही अंधाराची झाली. थंडीची कुठाय? बाळंतिणीचं पाणी कशावर तापणार?"

"गीझर आहे," म्हणालो, आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं, तोही विजेवरच.

"गॅस?"

"सिलिंडर दीड-दोन महिन्यांनी येतं."

"मग चूल?"

"फोडली."

काकू भंडाऱ्याच्या, थंडी त्यांच्या हाडांत मुरलेली. माझं फोनकार्ड घेऊन त्यांनी थेट आईलाच फोन लावला. आई पलीकडून हळूच म्हणाली, "पोरानं एवढ्या हौसेनं केलंय हो बाई. पुन्हा चूल मांडली तर त्याला वाईट वाटेल."

"त्याच्या वाटण्यावर पाणी तापणार आहे का ताई?"

मग त्या सांगत गेल्या. माती आजच भिजवा, चूल वाळायला पंधरा दिवस तरी लागतात. द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्या छपराखाली घ्या, बाळंतिणीच्या शेकाला कोळसा भरा, गोधड्यांना ऊन दाखवा. पुढच्या प्रत्येक रविवारी दारातच विचारायच्या, "वाळली का रे चूल?"

मुलगी महिनाभर आधीच आली, मुठीएवढी. तिला दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात गावची डीपी जळाली. सहा दिवस लाइट नाही, आणि पहाटे द्राक्षांच्या पानांवर दव गोठलेलं. हिला गार पडू देऊ नका, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. आईने सहा दिवस चूल विझू दिली नाही. कापडं शेकायची, बाळाला गुंडाळायची, पुन्हा शेकायची. मी इथे जहाजाच्या पोटात घामाने निथळत वेल्डिंग करत होतो. हाताशी एवढी आग, आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

मुलगी जगली. आईचा खोकला मात्र त्या धुरात परतला, तो पुन्हा गेलाच नाही. या दोन गोष्टी मी शेजारी-शेजारी ठेवून बघत नाही. काकूंना तर खोकल्याचं कधी सांगितलंच नाही.

आता क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणीतरी राहतं. यजमानांचं काम संपलं आणि दोघं भंडाऱ्याला परतली. वर्षभरात यजमान गेले, काकू एकट्याच असतात, असं कानावर आलं. परक्या मुलखात मिळालेली माणसं परमिटच्या मुदतीएवढीच आपली असतात. मुदत संपली की पत्ताही धड उरत नाही. पण भंडारा काही एवढं मोठं नाही, शोधेन. इथलं माझं काम संपेल त्या वर्षी बायको-मुलीला घेऊन आधी तिथे जाईन, आणि तो अख्खा हिवाळा काकूंना एकटं काढू देणार नाही.