थांबा, जोडून देते

आमच्या गणिताच्या संस्थेत एकदा सूचना लागली, की सोमवारी मोठ्या सभागृहात ऑपरेटरांवर चर्चा आहे, संबंधित सर्वांनी हजर राहावं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी आमची आठवण झाली. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'लिफ्ट ऑपरेटर' लिहिलेलं, तळघरातल्या पंपवाल्याच्या कागदावर 'पंप ऑपरेटर', आणि टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या बाईंना तर सारी इमारत ऑपरेटर म्हणूनच ओळखायची. आम्ही तिघं इस्त्रीचे कपडे घालून गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो.

फळ्यावर भराभर चिन्हं उमटायला लागली तेव्हा पंपवाला माझ्या कानाशी लागला. "पगारवाढीचं एवढं अवघड करून कशाला सांगतायत?" मागची मंडळी फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आम्ही तिघं तिथे, म्हणून इमारतीत लिफ्ट बंद, पाणी बंद, फोन बंद. संचालक धापा टाकत जिने चढून आले आणि आम्हाला तिथे बघून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पण जे सर बोलत होते त्यांनी खडू खाली ठेवला आणि संचालकांना सांगितलं, "बसू द्या त्यांना. त्यांना बोलावलंय मी." धडधडीत खोटं. मग ते आमच्यापुढे येऊन सांगायला लागले. "आमचा ऑपरेटर म्हणजे असं समजा, की एका बाजूने काहीतरी घातलं की दुसऱ्या बाजूने ते बदलून बाहेर पडतं. एक असा असतो, की काहीही घाला, बाहेर शून्य."

"म्हणजे आमचा साहेब," पंपवाला म्हणाला.

सर हसले. "आणि एक असा, की जे घालाल तेच बाहेर. काही बदलतच नाही. दिसायला बिनकामाचा, पण त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही."

"तो म्हणजे मी," टेलिफोनच्या बाई एकदम बोलल्या. "जे आलं ते जसंच्या तसं पुढे."

त्या बाईंना आम्ही बोर्डताई म्हणायचो. तळघरात लिफ्टसमोरच त्यांची खोली. भिंतीला लागून तो जुना बोर्ड, त्याच्या वायरी, कानावरच्या यंत्रामुळे केसांत कायमची पडलेली घडी. आवाज असा, की फोन करणारा भांडायला आलेला असला तरी "थांबा, जोडून देते" ऐकून निम्मा विरघळायचा. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आणि चेहरा कुणाच्याच नाही. रस्त्यात भाजी घेताना तोंड उघडलं की लोक चमकून बघायचे. लग्न केलं नाही. आईचं आजारपण काढण्यात ती वर्षं गेली, आणि आई गेल्यावर विचारायला कुणी आलं नाही. मला हे माहीत, कारण माझं स्टूल त्यांच्या दाराशी असायचं आणि आमचे डबे एकत्र उघडायचे.

त्या दिवसापासून सर येता-जाता बोर्डताईंच्या दाराशी थांबायचे. माणूस लाखमोलाचा, पण राग कायम नाकावर. बायको गेल्यापासून घरात मध्ये पडणारं कुणी उरलं नव्हतं, आणि एकुलत्या एका मुलाशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. कारण ऐकाल तर हसाल. भांडण एका शब्दावरून झालं. मुलगाही गणितातला हुशार, पण तो धंद्यात गेला. दुसऱ्यांनी बुडवत आणलेल्या कंपन्या चालवून दाखवायच्या, हे त्याचं काम. घरी येऊन तो छाती फुगवून म्हणाला, "बाबा, आमच्याकडे पैसे लावणारे ढीगभर असतात. मी ऑपरेटर आहे, चालवणारा." सर म्हणाले, "धंद्यात ऑपरेटर लबाड माणसाला म्हणतात." मुलगा म्हणाला, "तुमचे ऑपरेटर जन्मभर फळ्यावरच राहिले, त्यांनी कुणाचं भलं केलं?" शब्दाने शब्द वाढला आणि मुलगा गाव सोडून गेला. सरांनी घरचा फोनसुद्धा काढून टाकला.

पण मुलगा दर शनिवारी संस्थेत फोन करायचा. "मावशी, बाबा आहेत का?" बोर्डताई वर विचारायच्या. सरांचं उत्तर ठरलेलं. "नाही म्हणून सांगा." आणि बोर्डताई तसंच सांगायच्या, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. पहिले काही महिने असे गेले.

मग एका शनिवारी तो तापाने फणफणलेला होता. त्याने विचारलं, "काय म्हणाले?" बोर्डताई एरवी पटकन बोलणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांचा हात नुसता वायरीवर राहिला. मग म्हणाल्या, "वर्गात आहेत रे. पण विचारत होते, औषध घेतोस ना." पलीकडे तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. पण बोर्डताईंनी डोळ्याला पदर लावला.

"ताई, हे बरं नाही," मी म्हटलं.

"एकदाच, भाऊ."

कसलं एकदाच! तोंडाला चव लागल्यासारखं झालं ते. त्याची दाढ दुखायला लागली, सर म्हणे डॉक्टरकडे जा म्हणाले. त्याने नवा कारखाना हातात घेतला, सर म्हणे माणसं कमी करू नकोस म्हणाले. वर सर "नाही म्हणून सांगा" एवढंच म्हणत होते आणि खाली त्यांचं प्रेम उतू जात होतं. शनिवारी बोर्डताई ठेवणीतली साडी नेसून यायला लागल्या. टेलिफोनवर दिसतं का कुणाला! पण मी गप्प बसलो, कारण त्यांना इतकं खुलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलाला मुलगी झाली. तो आनंदाने ओरडतच होता, मला दारापर्यंत ऐकू येत होतं. "मावशी, बाबांना विचारा, नाव काय ठेवू? त्यांनी सांगितलेलंच ठेवणार." बोर्डताईंनी वर फोन लावला. "सर, तुम्हाला नात झाली. नाव विचारतोय तो."

"मला नात नाही," सर म्हणाले आणि फोन आपटला.

मुलगा तिकडे थांबलेला. बोर्डताईंनी परत त्याची वायर जोडली आणि एक नाव सांगितलं. माझा घास हातातच राहिला. ते बोर्डताईंच्या आईचं नाव होतं.

"काय केलंत हे?" मी विचारलं.

"तोंडातून गेलं," त्या म्हणाल्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण हसतही होत्या.

त्याच संध्याकाळी सर लिफ्टमध्ये शिरले आणि मजला सांगायचंच विसरले. मी त्यांना वर नेलं, परत खाली आणलं, तरी ते भिंतीकडे बघत उभे. म्हातारा आतून पाझरला होता. वाकायचं कसं, तेवढं त्याला येत नव्हतं.

मग बोर्ड काढायचं ठरलं. प्रत्येकाच्या टेबलावर थेट फोन येणार, मध्ये कुणी नको. बोर्डताईंची बदली आवक-जावकच्या टेबलावर झाली. नोकरी जात नव्हती, पण त्यांचं धाबं दणाणलं ते वेगळ्याच कारणाने. आता मुलगा थेट वडिलांना फोन करणार आणि पहिल्याच वाक्यात सगळं उघडं पडणार. दोघं कायमचे तुटणार, आणि तेही त्यांच्यामुळे. रात्र-रात्र झोप नाही म्हणाल्या. शेवटी एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, वर न्या मला. सरांकडे."

सरांची खोली लिफ्टला लागूनच. मी लिफ्टचं दार उघडं ठेवून तिथेच थांबलो.

"सर, तुमच्या मुलाला मी इतके दिवस तुमचे निरोप देत आले."

"मी कुठले निरोप दिले?"

"नाही दिलेत. म्हणूनच."

सर असे कडाडले, की मजल्यावरची दारं उघडली. "कुणाला विचारून? तुम्ही कोण माझ्या घरात बोलणाऱ्या?" बोर्डताई मान खाली घालून उभ्या. निघून जायलाही त्यांना सुचेना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी डोकावलो तेव्हा सर खुर्चीत बसले होते आणि समोरची खुर्ची त्यांनी बाईंसाठी ओढली होती.

"सांगा," ते म्हणाले. "मी काय काय बोललो त्याच्याशी?"

बोर्डताई सांगत गेल्या. सर एखाद्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. माणसं कमी करू नकोस, हे ऐकून म्हणाले, "हे मी म्हटलं असतं." वाढदिवसाला सुखी राहा म्हटलं, हे ऐकून म्हणाले, "छे! हे मी म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं, वेळेवर झोपत जा."

"मग पुढच्या वेळी तसं म्हणा," बोर्डताई म्हणाल्या, आणि दोघंही हसले. लिफ्टसाठी खाली वाजणाऱ्या घंटीकडे मी लक्षच दिलं नाही.

खाली येताना मी विचारलं, "सगळं सांगितलंत ना?"

"सगळं."

"नावाचं?"

त्या दाराच्या जाळीतून सरकणाऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या. "ते राहिलं."

"चला परत वर."

"उद्या सांगते. भाऊ, तेवढं एक राहू दे ना माझ्यापाशी." मी हात टेकले. उद्याचा परवा झाला, परवाचा शनिवार झाला, आणि थेट फोन सुरू झाले.

पुढचं मला कळलं ते मुलगाच आला तेव्हा. उंच, दाढी वाढलेली, हातात प्रवासाची बॅग. लिफ्टमध्ये शिरला तसा मी ओळखलं, डोळे सरांचेच होते. मी वरच्या मजल्याकडे हात नेला तर म्हणाला, "नाही. तळघर. टेलिफोनची खोली."

बोर्डताई वायरी गुंडाळत होत्या. त्याने 'मावशी' म्हटलं नाही.

"मॅडम, बाबा फोनवर इतकं छान बोलले. दाढेचं विचारलं, कारखान्याचं विचारलं. मी आनंदाने वेडा व्हायचाच बाकी होतो. मग मी म्हटलं, बाबा, मुलीचं नाव तुम्हाला सुचलं कसं? तर ते म्हणाले, कुठलं नाव?" त्याने बॅग खाली ठेवली. "मग त्यांनी सगळं सांगितलं. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्यातलं त्यांचं काय होतं?"

बोर्डताई त्याच्याकडे बघत होत्या. इतक्या शनिवारांचा तो आवाज, आणि चेहरा आज पहिल्यांदा दिसत होता. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. काहीतरी त्याच्या पदरात टाकायचं. पण त्या म्हणाल्या, "काही नाही."

"मग मी इतके दिवस बोलत कुणाशी होतो?"

"माझ्याशी."

"आणि नाव?"

"माझ्या आईचं आहे."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बॅग उचलली आणि लिफ्टमध्ये येऊन उभा राहिला. मी विचारलं, "वर नेऊ? सर आहेत." तेव्हा कुठे त्याने मान हलवली. वर सर दारातच उभे होते. मी लिफ्ट खाली घेतली, आत बघितलं नाही.

त्यांचं जमलं. ते मला मान्य करायलाच हवं. एका परक्या बाईने आपल्याला कसं बनवलं, हे एकमेकांना सांगता-सांगता बापलेक जवळ आले. आता फोन सरांच्या टेबलावर वाजायचा आणि सरांचं हसणं मजलाभर ऐकू यायचं. मला आनंद व्हायला हवा होता. पण सर आता तळघरात फिरकत नव्हते, आणि आवक-जावकच्या टेबलापाशी आले की कागदावरून नजर वर उचलत नव्हते. याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

एके दिवशी सर लिफ्टमध्ये शिरले ते गुणगुणतच. "नातीचं नाव बदललं," ते म्हणाले. "लहान आहे तोवर बदललेलं बरं. या वेळी मी स्वतः ठेवलं." आणि ते नाव त्यांनी मला सांगितलं. मी "छान" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बोर्डताईंना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्या फायली घेऊन वर जायला लिफ्टमध्ये आल्या आणि माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "काय झालं, भाऊ?" इतकी वर्षं माणसांच्या श्वासावरून ओळखणारी बाई ती, तिच्यापुढे मी काय लपवणार? मी सांगितलं.

"बरोबर केलं," त्या म्हणाल्या. "काय ठेवलं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, बोर्डावरच्या त्याच गोड आवाजात. "हाक मारायला सोपं आहे."

एक मजला गेला. मग त्यांनी हातातल्या फायली छातीशी घट्ट धरल्या आणि अगदी हळू आपल्या आईचं नाव घेतलं. आई गेली तेव्हा सगळ्यांचं करता-करता रडायला झालंच नाही, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. पुढचा मजला जवळ आला होता, आणि तिथे माणसं उभी असणार. मी हँडल मागे ओढलं आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवली. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी पाठ करून उभा राहिलो. वरून घंटी वाजायला लागली, मग खालूनही. मी वाजू दिली.