धूरमावशी लग्नाला निघते

गाड्यांचे सायलेन्सर दुरुस्त करण्यात तिची हयात गेली, म्हणून सगळे तिला धूरमावशी म्हणत. लेकीच्या लग्नाला निघतानाही तिच्या पर्समध्ये पाना होताच.

"आई, आज तरी!" लेक कुरकुरली.

चढावर त्यांची जुनी गाडी धापा टाकत बंद पडली. धूरमावशीने नवऱ्याला पुन्हा इंजिन चालू करायला लावलं आणि मागच्या नळीशी हात धरला. धूर जेमतेम येत होता.

"विषारी धूर स्वच्छ करणारी जाळी फुटून तुंबलीय. धूरच बाहेर पडेना, तर इंजिन श्वास घेणार कसा?"

नळी निवल्यावर ती नव्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरली आणि जाळीच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला नळीत बसवलेला सेन्सर काढला. त्या भोकातून धुराला वाट मिळाली. खिडक्या उघड्या ठेवून गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जत थेट मांडवापर्यंत पोहोचली. पाहुणे दचकून बाहेर धावले.

"अहो विहीणबाई, हा कसला आवाज?" नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं.

"माझ्या लेकीचा नाही हो, गाडीचा! उद्याच नवी जाळी बसवते."

विहीणबाई खो खो हसल्या. धूरमावशी गालावरची काजळी पुसू लागली, तर लेकीने तिचा हात धरला. "राहू दे. फोटोत माझी आई ओळखू आली पाहिजे."