बगळे पाहायला काढलेली रजा

मी घर सोडलं त्या दिवशी माय धामणगावच्या फलाटावर आली नव्हती. तिची कंबर गेली होती, आणि श्रावणातल्या काळ्या मातीच्या चिखलातून स्टेशनापर्यंत येणं धडधाकट माणसालाही जड जायचं. मला पोचवायला कमल आली, माझी धाकटी बहीण. डोक्यावर माझी पत्र्याची पेटी, हातात दोघींच्या चपला. नागपूरची पॅसेंजर लागली तशी तिनं पेटी बाकाखाली सरकवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नर्स झाली का वापस येजो. मंग तू मायजवळ राहाय, मी अकोल्याले जातो."

"येतो," मी म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला वर्षही झालं नव्हतं. मुली शिकल्या पाहिजेत हे आमच्या वाड्यात सगळ्यांना एकदमच पटलं होतं. पण आमचे बाबा जिनात कापसाची धूळ खाऊन गेलेले, माय खाटेवर, तेव्हा दोघी मुली एकदम कशा जाणार? मी मोठी म्हणून आधी मी. कमल सातवी पास होती. अकोल्याला मास्तरणीचं ट्रेनिंग करायचं, जठारपेठेत आत्याकडे राहायचं, हे तिचं ठरलेलं होतं. फक्त मी परत यायची खोटी होती.

आमचं घर तळ्याच्या काठी, चिंचेखाली. पाऊस धरला की त्या चिंचेवर बगळ्यांची घरटी लागायची. अंगण विष्ठेनं पांढरं होऊन जायचं, मासळीचा वास सुटायचा, आणि पिलांच्या तोंडातून निसटलेलं बेडकाचं तंगडं कधी ताटातही पडायचं. रांजणावर पोतं, खाटेवर पोतं, चुलीवर पत्रा, असा आमचा पावसाळा. गावातले लोक नाक धरून जात. एरवीही ते आमच्या वाड्यावरून नाक धरूनच जायचे, त्यामुळे बगळ्यांवर कुणी वेगळा राग धरला नाही. झाड तोडा म्हटलं की माय म्हणायची, "लेकरंवाली हायेत थे. राहू द्या." सकाळी सगळ्यात आधी अंगण खराट्यानं झाडायचं आणि ते खत वांग्याच्या वाफ्यात टाकायचं. ते काम आम्ही दोघी आळीपाळीनं करायचो. मी गेल्यावर ते एकट्या कमलचं झालं.

नागपूरला मी पास झाले. तेव्हाच अमरावतीच्या दवाखान्यात जागा निघाली होती, आणि आग्र्यालाही. मी आग्र्याला गेले. अमरावतीला पगार कमी होता असं मी मायला सांगितलं. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. आग्र्याच्या क्वार्टरमध्ये मला स्वतःचा नळ होता. तो उघडला की पाणी येई, आणि माझी घागर कुणाच्या घागरीला लागली म्हणून कुणी ओरडत नसे. ड्यूटी, मेस, इस्त्रीचा युनिफॉर्म, महिन्यातून एकदा मॅटिनी. मी कुठल्या वाड्यातली हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं. त्या नळावर माझा इतका जीव जडला की बहिणीला दिलेला शब्द मी वर्षावर वर्ष पुढे ढकलत गेले.

एका पावसाळ्यात आम्ही पाच-सहा नर्सेस सहलीला म्हणून भरतपूरला गेलो. पाण्यात उभी असलेली बाभळीची झाडं, झाडांवर पाखरंच पाखरं, आणि त्यांना कुणी मारायचं नाही असा सरकारी हुकूम. नावाडी बांबूनं नाव ढकलत होता आणि दर थोड्या वेळानं "धीरे बोलो" म्हणत होता. वास आला तशा बाकीच्या पोरींनी रुमाल काढले. मी मात्र तो वास छातीभर ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. माझ्या वॉर्डातल्या सरोजला वाटलं, मला नाव लागली, मळमळतंय.

त्यानंतर दर श्रावणात मी रजा काढून तिथं जाऊ लागले. वहीबिही नाही, दुर्बीण नाही. नुसती नावेत बसून राहायची. राखी बगळ्याची एक जोडी मला फार आवडायची. एकजण अंड्यांवर बसलेला, दुसरा दूर पाण्यात. दुसरा परतला की चोचीत एखादी काडी घेऊन यायचा. बसलेला उठायचा, काडी घ्यायचा, घरट्यात खोचायचा, आणि अंग झाडून उडून जायचा. आलेला बसायचा. मी हे तासन् तास पाहायची. आणि दर वेळी, तो उठून उडायच्या क्षणी, मी दुसरीकडे बघायची. का, ते मला चांगलं ठाऊक होतं.

घरी मी दिवाळीत जायची. तेव्हा घरटी रिकामी, वाट कोरडी, अंगण सारवलेलं. मी साड्या न्यायची, मायचे पाय चेपायची, आणि चार दिवस सगळ्यांची लाडकी होऊन परतायची. एका दिवाळीत मी कौतुकानं कमलला भरतपूरचं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "बगळे पाहाले रजा काहाडतं तू? आपल्या चिचीवर काय कावळे हायेत?"

मी हसले. ती हसली नाही. "सुट्टी भेटते म्हंतं ना श्रावणात? मंग काऊन नाई येत? मले वाटे, दवाखान्यात सोडतच नसतीन."

त्याच्या पुढच्या श्रावणात मी गुडघाभर चिखल तुडवत घरी गेले. कमलला म्हटलं, आता तू अकोल्याला जा, मी राहते. ती म्हणाली, "आता अकोल्याले? वय निंघून गेलं ताई. आत्याबी नाई राह्यली." मग म्हणाली, "तू जे पाहतं ना तिथी, थे एक डाव पाहून येतो. आठ दिवस राहाय मायजवळ."

आग्र्याला सरोज तिला उतरवून घेणार होती. मी कमलला धामणगावला गाडीत बसवलं. पिशवी खिडकीतून दिली आणि माझ्याच तोंडून निघालं, "येजो." "येतो," ती म्हणाली.

ते आठ दिवस मी खराटा धरला. मायला उचलून परसात नेलं, अंघोळ घातली, रात्री वरून काही पडलं की पोतं झटकलं. वॉर्डात मी हेच करते, पण वॉर्डात ड्यूटी संपते. दोन दिवसांत माझा हात भरून आला. एक पिलू खाली पडलं तर मी ते कमल उचलते तसं उचलायला गेले आणि त्यानं माझं बोट फोडलं. मायला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या ती वरच्या फडफडीवरून सांगायची, कोण आलं, कोण उडालं. माझ्याबद्दल म्हणाली, "तुह्या पायाचा आवाज पावन्यासारखा हाय. कमलचा आयकूच येत नाई."

ठरलेल्या दिवशी कमल आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी रजा संपत आली होती. माय विचारू लागली, "कमल आली नाई तं?"

"येते म्हणाली ना माय."

"तूबी म्हणे."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. राग आला होता मला, खरं सांगते, कमलचा राग. हिला काही जबाबदारी? इथं मायकडे कोण बघणार? माझी नोकरी? आणि मग मला ऐकू आलं की मी हे काय म्हणते आहे. नर्स होऊन मी परत यायचा दिवस उलटला तेव्हा कमलनंही असंच या ओट्यावर बसून वाट पाहिली असेल. मला दोनच दिवस झाले होते, आणि मनातून मी एवढंच मागत होते की ती यावी, म्हणजे मला जाता येईल.

हे मी माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठी लिहिते, आणि मागे राहिलेल्यांसाठीही. पश्चात्ताप होतो म्हणजे माणूस बदलतं असं नाही. त्या रात्री मला खूप पश्चात्ताप झाला, आणि सकाळी उठून मी बॅग भरली. भरून ओट्यावर ठेवली.

दुपारी कमल आली. पुरामुळे गाडी वाटेत अडकली होती. चपला हातात, पाय पोटरीपर्यंत काळे. चेहऱ्यावर असा उजेड मी तिच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता. काहीतरी सांगायचं म्हणून ती भरभर येत होती. अंगणात आली आणि तिला आधी बॅग दिसली, मग मी.

ती थांबली. म्हणाली, "निंघाली का?"

तिनं पिशवी खाली ठेवली, रांजणावरचं पोतं सारून पाणी प्यायली, आत जाऊन मायच्या कपाळावर हात ठेवून आली. तिच्या पायांचा आवाज खरंच येत नव्हता. मग माझी बॅग डोक्यावर घेतली. "चाल. चिखल हाय, तुले जमनार नाई."

वाटेत मी विचारलं, "पाहिले का बगळे?"

"पाह्यले. आपल्यासारखेच हायेत," ती म्हणाली. "एक येते तवाच दुसरं उठते."

मी आजही आग्र्यालाच आहे. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी चटकन धामणगावजवळचं सांगते, चिंच सांगते, तळं सांगते. सांगताना मला माहीत असतं की ते घर माझ्यासाठी उभं आहे, कारण तिथून कमलला अजून उठता आलेलं नाही. भरतपूरला मी त्यानंतर गेले नाही. श्रावणातली रजा आता घरीच काढते. कमल दर वेळी फलाटावर घ्यायला येते, आणि माझ्या हातातली बॅग घेताना परतीचं तिकीट कधीचं आहे ते आधी विचारून घेते.