डेक्लनकाकांच्या पार्सनिपची राखण

आधी चहा घ्या हातात, मग सांगतो. हे ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या घरची तुळससुद्धा दोन दिवस सांभाळायला देणार नाही, आणि तुमचं काही चुकणारही नाही.

आम्ही डब्लिनच्या कडेला, ओंगारला राहायला आलो तेव्हा घरामागचं अंगण म्हणजे दोन सतरंज्या टाकल्या की संपलं. म्हणून मी दहा मिनिटांवर एक अलॉटमेंट घेतलं. अलॉटमेंट म्हणजे मोठ्या रानाचे पाडलेले लहान लहान तुकडे, ज्याने त्याने आपल्या तुकड्यात आपली भाजी पिकवायची. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा मी, हातात फावडं आलं आणि स्वतःला बागायतदार समजायला लागलो. पहिल्यांदा मेथी उगवली तेव्हा तिचे इतके फोटो काढले की बायको म्हणाली, आपल्या लग्नातसुद्धा एवढे नव्हते.

शेजारच्या तुकड्यावर डेक्लनकाका. वय ऐंशीच्या घरात, टोपी कायम डोक्यावर. तोंडावर मी त्यांना नुसतं डेक्लन म्हणतो, इथे तशीच पद्धत आहे, पण प्रत्येक वेळी मनातल्या मनात जीभ चावतो. वाफे कसे घालायचे, गोगलगायी कशा वेचायच्या, सगळं मला त्यांनीच शिकवलं. डिसेंबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, तिकडे ड्रोहेडाला, मुलीच्या घराजवळ. जाताना मला म्हणाले, "माझ्या प्लॉटवर लक्ष ठेव. काही करायचं नाहीये. फक्त लक्ष ठेव."

आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसाला 'काही करू नकोस' सांगितलं तर तो गप्प बसेल का?

त्यातच आमच्या सासूबाई निफाडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. माहेर-सासर दोन्हीकडे द्राक्षबागा, उभा जन्म थंडीशी भांडण्यात गेलेला. शनिवारी मोबाइलवर हवामानाचा इशारा आला. ऑरेंज वॉर्निंग, रात्री उणे सहा. सासूबाईंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून तो आकडा पाहिला आणि उठूनच उभ्या राहिल्या.

"जावईबापू, त्या म्हाताऱ्याचा माल रानात हाये का अजून?"

"आहे. पार्सनिपची एक ओळ आहे."

पार्सनिप म्हणजे दिसायला मुळा, चवीला गाजराचा चुलतभाऊ. पानं थंडीत वाळून जातात आणि कंद जमिनीत तसाच राहतो.

"आन तुम्ही हितं टीव्ही बघत बसलाय? चार अंशाला आमच्या बागंतला मणी तडकतो. उणे सहाला त्या गरिबाचं काय उरंल? चला, उठा."

मी उठलो. खरं सांगू, मलाही चेव चढला होता. म्हातारा माणूस हॉस्पिटलात, पीक रानात, आणि वाचवायला मी. अंधार पडायला दोन तास होते. मी खणायचा काटा मारून माती उकरतोय, सासूबाई स्वेटरवर स्वेटर घालून बाळंतिणीचं बाळ घ्यावं तसा एकेक कंद हातात घेतायत. बारा निघाले. शेवटचा तर निघता निघेना. पाऊण तास उकरला तेव्हा अख्खा बाहेर आला, माझ्या कमरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो तर जायबंदीच झाला असता."

पलीकडून ब्रीडाबाई ढकलगाडी घेऊन चालल्या होत्या. त्यांचा प्लॉट डेक्लनकाकांच्या पलीकडचा. थांबल्या, बघितलं, "मेहनती आहेस हो," म्हणाल्या आणि गेल्या. मी अभिमानाने हात हलवला.

घरी आणून ते बारा जण आम्ही हॉट प्रेसमध्ये ठेवले. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, इथे टॉवेल वाळवतात. सासूबाईंचं म्हणणं, आयुष्यभर गारठलेत, जरा ऊब मिळू दे. दोन दिवसांत त्यातले अकरा उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे लोंबायला लागले. बारावा, तो लांबुडका, तेवढा यातून सुटला, कारण सासूबाईंनी रविवारीच त्याचा हलवा केला होता. किसणीवर धरायला दोघं लागलो. तूप, दूध, साखर, वेलदोडा. डबा भरला आणि सोमवारी मी ड्रोहेडाला निघालो, आनंदाची बातमी द्यायला.

डेक्लनकाका उशीला टेकून बसले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनीच विचारलं, "फ्रॉस्ट पडला का रे?"

"पडला. कडाक्याचा."

"ग्रँड," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मी तोंड मिटलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पार्सनिप मुद्दाम जमिनीत ठेवायचा असतो. थंडीने गोठला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. जितका फ्रॉस्ट कडक, तितका पार्सनिप गोड. आणि त्यांच्या ओळीच्या टोकाला जो होता, तो तर मातीबाहेर डोकावणाऱ्या माथ्याच्या रुंदीवरूनच कळत होता की भलता लांब आहे. ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी अलॉटमेंटवर सगळे जमतात, प्रत्येकाने आपला एक पार्सनिप सर्वांदेखत उपटायचा आणि सेक्रेटरीने टेप लावून मोजायचा. सहा वर्षं ब्रीडा जिंकतेय. यंदा तिची सद्दी संपणार होती. एप्रिलपासून ते त्या एका कंदावर डोळा ठेवून होते.

"मुलगी मला व्हीलचेअरवर आणणार आहे," ते म्हणाले. "मला वाकता येणार नाही. उपटायचा तू."

माझ्या मांडीवर डबा होता. डब्यात तो होता.

"हे काय आणलंस?" त्यांनी झाकण उघडून चमचा भरला. "वा. कशाचं आहे?"

"गाजराचं."

"पांढरं गाजर?"

"आमच्याकडे असतं."

डेक्लनकाकांनी डबा संपवला. शेवटचा चमचा चाटून पुसून खाल्ला आणि म्हणाले, "इतकं गोड गाजर मी जन्मात खाल्लं नाही." मी गाडीत येऊन रिकामा डबा सीटखाली सरकवला. इतकी लाज मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती.

घरी सगळं सांगितलं. आमची सई नऊ वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "डॅड, जस्ट टेल हिम, लाइक." घरात शहाणी तेवढी एकच, पण तिचं ऐकायचं कुणी? सासूबाईंनी तोडगा काढला. "दुसरा पुरा. वरनं पानं नाहीतच, कुणाला काय दिसतंय?"

बुधवारी मी पाच दुकानं पालथी घातली. दुकानातले पार्सनिप सगळे एका मापाचे, आखूड आणि गुटगुटीत. त्यातल्या त्यात लांब म्हणून जो मिळाला तो वीतभर होता. गुरुवारी ऑफिसच्या आधी, उजाडता उजाडता, तो घेऊन रानात गेलो. जमीन दगड झालेली. काटा मारला की हात झिणझिणायचा. शेवटी थर्मासमधलं गरम पाणी ओतून भोक पाडलं, पार्सनिप आत बसवला, माती लोटली, आणि पाणी उरलं होतं ते वरून घातलं. का घातलं? रोप लावलं की पाणी घालायचं, हात आपोआप जातो.

"गुड मॉर्निंग," पाठीमागून ब्रीडाबाई. "काय चाललंय?"

"तण काढतोय."

"डिसेंबरात?"

"आमच्याकडे काढतात."

"अच्छा," म्हणाल्या, आणि शेडकडे गेल्या. शेडमध्ये आणखी पाचसहा जण चहा पीत होते. मला वाटलं, थंडीत बिचारे किती लवकर येतात.

रविवार उजाडला. मला वाटलं होतं आठदहा माणसं असतील. पन्नास होती. काहींनी खुर्च्या आणल्या होत्या. सुकामेवा भरलेले ख्रिसमसचे मिन्स पाय वाटून झाले, ब्रीडाबाईंनी आपला पार्सनिप उपटला, चांगला हातभर निघाला, टाळ्या झाल्या. मग डेक्लनकाका व्हीलचेअरवरून म्हणाले, "चल रे. माझा काढ."

मी ठरवून गेलो होतो की थोडा अभिनय करायचा. वाकलो, दोन्ही हातांनी धरला, दात-ओठ खाल्ले, 'हं' असा आवाज काढला आणि हळूच ओढला. हलेना. जरा जोरात ओढला. ढिम्म. मी ओतलेल्या पाण्याचा बर्फ झाला होता आणि माझा वीतभर पार्सनिप त्यात चिणून बसला होता. आता अभिनय संपला आणि खरं सुरू झालं. मी गुडघ्यावर आलो. लोक म्हणायला लागले, बापरे, केवढा असेल हा. कुणीतरी माझ्या कमरेला धरलं, त्याच्या कमरेला आणखी कुणी. सासूबाई बाजूने ओरडतायत, "मुळापासनं हलवा, मुळापासनं." एक, दोन, तीन, आणि आम्ही तिघं मागे जमिनीवर.

माझ्या हातात बर्फाचा एक गोळा होता. गोळ्यात पार्सनिप.

सेक्रेटरीने गंभीर चेहऱ्याने टेप लावला, चष्मा वर केला, परत लावला. मी डेक्लनकाकांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "हलव्यातला यापेक्षा लांब होता."

आणि मग ते जे हसायला लागले, एका हाताने खुबा धरून, की त्यांच्या मुलीला व्हीलचेअरचा ब्रेक दाबावा लागला. पन्नासच्या पन्नास माणसं हसत होती. ब्रीडाबाईंनी शनिवारी संध्याकाळीच त्यांना फोन केला होता. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. आठवडाभर सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारी शेडमधली माणसं चहा प्यायला नाही, मला बघायला आली होती.

मी जमिनीवरूनच हात जोडले. "डेक्लन, चुकलो. वाचवायला गेलो होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "रविवारचा अख्खा दिवस मला फार वाईट वाटलं. रडूच यायचं बाकी होतं. सोमवारी तू 'पांढरं गाजर' म्हणालास आणि मग काही राग राहिला नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला खरंच भरून आलं. सासूबाईंनाही आलं, त्यांनी पदराने डोळे टिपले आणि उरलेल्या अकरांचं लोणचं घातल्याचं कबूल केलं.

बक्षीस अर्थातच ब्रीडाबाईंना. सलग सातव्या वर्षी. आम्ही सामान आवरून निघालो तेव्हा त्या कप घेऊन माझ्या मागे आल्या. इकडेतिकडे बघितलं, डेक्लनकाका लांब आहेत ना याची खात्री केली, आणि माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्यातही त्याचा प्लॉट तूच सांभाळशील ना?"