कढई उचलणारा हात

माझं कोपर फुटलं ते देऊळघाटच्या फाट्यावरच्या गतिरोधकावर. त्याला गतिरोधक म्हणणं म्हणजे सातपुड्याला बांध म्हणणं! मोटारसायकलवर मी मागे एका अंगाने बसले होते. गाडी नवऱ्यासकट पलीकडे गेली, मी अलीकडेच राहिले. उजव्या कोपरावर आपटले आणि असा आवाज झाला की समोरच्या चहावाल्याने आधी आपल्या बरण्या तपासल्या.

बुलढाण्याच्या हाडांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. सांध्याचं हाड जात्यातून काढल्यासारखं दिसत होतं. नुसत्या प्लास्टरने भागणार नव्हतं. एक तर तुकडे जुळवून दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि स्क्रू बसवायचे. मग रडतरडत रोज व्यायाम, तरी हात पूर्ण सरळ होईलच असं नाही. नाहीतर माझ्या वयाला चालेल असा अख्खा नवा सांधा घालायचा. तो लवकर हलतो, दुखतोही कमी, पण त्या हाताने जन्मभर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

हे त्यांनी सांगितलं कोणाला? माझ्या नवऱ्याला आणि दिराला! मी तिथेच खाटेवर होते. फुटलं होतं कोपर, कान शाबूत होते.

दीर म्हणाला, "सांधाच बदला साहेब. आमच्या शेजारच्या बुढीनं गुडघा बदलला, आता दनादना चालते."

"गुडघ्याचं वेगळं असतं हो," डॉक्टर म्हणाले. "यांना जड काही उचलावं लागतं का?"

"छे! बाईमाणूस, काय उचलते?"

नवऱ्यानेही मान डोलावली. फाट्यावरची भज्यांची गाडी लग्नापासून मी चालवते. तेलाने भरलेली कढई रोज एकटी उतरवते. या दोघांची पोटं त्याच भज्यांनी वाढलीत! माझ्या संतापाने सलाईनला उकळी फुटली असेल.

"भाऊजी, हात माहा हाये का तुमचा? मले काऊन नाही इचारत कोणी? जा, गाडीवरची कढई घेऊन या. पाहू द्या साहेबाले, मी काय नाही उचलत ते!"

दीर मोटारसायकलवर हसत गेला आणि घामाघूम होऊन परतला. रिकामीच होती, तरी कढई पायरीपायरीवर टेकवत आणली. डॉक्टरांनी ती एका हाताने उचलून पाहिली, खाली ठेवली आणि स्टूल माझ्या खाटेकडे ओढलं.

"मावशी, तुम्हीच सांगा."

"पट्ट्या टाका."

व्यायामाच्या वेळी मी अशी ओरडायची की खामगावची एसटी थांबा नसताना थांबायची. हात अजून पूर्ण सरळ होत नाही. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर कढई पुन्हा मीच उतरवू लागले.

परवा दीर भजी खायला आला. चुकलं म्हणायचं नाव नाही, उलट, "वहिनी, कढई मी उतरवू का?"

"राहू द्या भाऊजी," मी म्हटलं, "बाप्यामाणूस तुम्ही, काय उचलता?"